हमिंगबर्डचा फीडर: बाटलीचा की बशीचा?

अमेरिकेत अंगणात किंवा बाल्कनीत हमिंगबर्ड या फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यासाठी फीडर, म्हणजे साखरपाण्याचं भांडं, टांगायचं ठरवलं, की दुकानात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक उलट्या बाटलीचा: वर साखरपाणी, खाली लाल तळ आणि त्यात चोच घालायला भोकं. दुसरा बशीचा: पसरट भांडं, त्यावर लाल झाकण, झाकणाला भोकं. बाटली जास्त देखणी, म्हणून तीच पटकन घरी येते. पण निवडताना आधी एकच बघावं: भर जुलैत दर दुसऱ्या दिवशी हा पूर्ण सुटा करून, आतपर्यंत घासून काढणं आपल्याला जमेल का? उन्हात साखरपाणी आंबतं, त्यात बुरशी धरते, आणि ते पिणारा पक्षी जेमतेम तीन-चार ग्रॅम वजनाचा असतो.

बाटलीतलं पाणी खाली सांडत नाही, कारण आत अडकलेल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो. ऊन लागलं की ती हवा फुगते, पाणी खाली रेटते आणि भोकांतून थेंब गळायला लागतात. तळ चिकट झाला की मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या हजर. बाटली अर्धीच भरली तर आत हवा जास्त, म्हणजे गळतीही जास्त. म्हणून लोक ती काठोकाठ भरतात. दोन-तीन पक्ष्यांना अर्धा लिटर पाणी चार दिवसांतही संपत नाही, आणि उरलेलं तसंच लटकत आंबत राहतं. बाटलीच्या फीडरची खरी अडचण ही आहे: थोडं भरलं तर गळतं, पूर्ण भरलं तर नासतं.

बशीत हा पेच नाही. पाणी भोकांच्या खाली असतं, त्यामुळे गळायचा प्रश्नच येत नाही. हमिंगबर्डची लांब जीभ तिथवर पोचते, मधमाशीची पोचत नाही. अर्धा कप भरला तरी चालतं. धुताना झाकण उचललं की सगळा तळ डोळ्यांसमोर. उणीव दोन ठिकाणी आहे. वाऱ्यात हेलकावे खाल्ले की बशी सांडते, आणि झाकण सपाट असेल तर भोकांतून पावसाचं पाणी आत जातं. म्हणून भोकांभोवती उंच कडा असलेली बशी घ्यावी.

बाटलीला एकाच ठिकाणी झुकतं माप देता येतं. टेक्सासच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टसारख्या गावी सप्टेंबरात स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची झुंबड उडते आणि मोठी बाटलीही दिवसात रिकामी होते. तिथे ती उपयोगी. न्यू जर्सीतल्या मागच्या अंगणात रुबी-थ्रोटेड जातीचे दोन-चार हमिंगबर्ड येत असतील, तर बशीच बरी. एखादा नर दादागिरी करून बाकीच्यांना हुसकावत असेल, तर मोठा फीडर आणण्यापेक्षा एकमेकांच्या नजरेआड दोन लहान फीडर टांगावेत.

काच की प्लास्टिक? काच कढत पाणी सोसते आणि तिच्यावर ओरखडे पडत नाहीत. प्लास्टिकवरच्या ओरखड्यांत बुरशी दडते, म्हणून ते मऊ ब्रशने घासावं आणि ओरखडे वाढले की सरळ बदलावं.

साखरपाण्याचं माप दोन्हींना सारखंच: एक भाग साधी पांढरी दाणेदार साखर, चार भाग पाणी. गूळ, ब्राऊन शुगर, मध, पिठीसाखर यांतलं काहीही नको. गुळात आणि तपकिरी साखरेत लोह असतं, पातळ केलेला मध लवकर आंबतो, पिठीसाखरेत स्टार्च मिसळलेला असतो. लाल रंगही घालू नये. फीडरचं लाल झाकण पक्ष्याला दिसायला पुरेसं आहे. साखर गरम पाण्यात विरघळवली असेल तर ते पूर्ण गार करून मगच भरावं. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं.

पारा ३२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर पाणी रोज बदलावं, २७ ते ३२ मध्ये दोन दिवसांनी, हवा गार असेल तर चार-पाच दिवसांनी. पाणी गढूळ झालं किंवा पांढरे तंतू दिसले तर दिवस मोजत बसू नये, लगेच फेकावं. वरून नवीन पाणी ओतून भर घालणं तर कधीच नको.

धुताना सगळे भाग सुटे करावेत. बाटलीच्या आट्या, रबराच्या रिंगेखालची खाच आणि भोकांवरची प्लास्टिकची फुलं नीट पाहावीत. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या फीडरची रिंग उचलली, की खाली काळा बुळबुळीत थर सापडतो. गरम पाणी आणि बारीक ब्रश रोजच्यासाठी पुरे. काळे डाग पडले असतील तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी यांत तासभर बुडवून ठेवावं, घासावं, आणि वाहत्या पाण्याखाली तीनदा खळबळावं. ब्लीच वापरायचंच असेल तर चार लिटर पाण्याला पाव कप. पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

मुंग्यांसाठी जुना उपाय तिथेही लागू पडतो. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतात, तशी फीडरच्या वर आकड्यात पाण्याची वाटी लावावी. तेल किंवा व्हॅसलीन मात्र फासू नये. पिसांना चिकटलं तर निघत नाही. पिवळी फुलं असलेला फीडर टाळावा, गांधीलमाश्या पिवळ्या रंगाकडे ओढल्या जातात. फीडरवर प्रार्थनाकीटक बसलेला दिसला तर लगेच दूर न्यावा, तो हमिंगबर्डही पकडतो. खिडकीपासून एक मीटरच्या आत टांगला तर काचेवर आदळलेल्या पक्ष्याला इजा कमी होते.

एवढं धुणं जमणार नसेल तर फीडर नकोच, फुलझाडं लावा. अमेरिकेच्या पूर्वेकडे लाल कार्डिनल फ्लॉवर किंवा कोरल हनीसकल, दोन्ही तिथलीच. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात ॲनाज जातीचा हमिंगबर्ड वर्षभर असतो, त्यामुळे डिसेंबरात महिनाभर भारतात जायचं असेल तर फीडर भरून जाऊ नका. शेजारी धुवायला तयार असेल तर त्याच्याकडे द्या, नाहीतर रिकामा करून, धुऊन, कोरडा करून कपाटात ठेवा. पक्षी उपाशी राहत नाही. फुलांतला मध आणि बारीक किडे हेच त्याचं मुख्य खाणं आहे.