फील्ड टूरवरची दोन ॲप: फील्डमूव्ह क्लायनो आणि क्यूफील्ड

भूविज्ञानाच्या फील्ड टूरवर विद्यार्थ्यांना मोबाईल वापरू द्यावा की नाही, हा वाद आता जवळपास मिटला आहे, कारण विद्यार्थी तो वापरतातच. ठरवायचे उरते ते एवढेच, की कोणते ॲप, कोणत्या खडकावर आणि कोणत्या कामासाठी वापरावे. रामटेक–देवलापार परिसरातील सौसर समूहाचे प्राचीन रूपांतरित खडक आणि धुळे–नंदुरबारकडील बेसॉल्टमधले डाइक (भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती), अशा दोन अगदी वेगळ्या भूभागांवर मी विद्यार्थ्यांसोबत फील्डमूव्ह क्लायनो आणि क्यूफील्ड ही ॲप वापरली आहेत. मोजमाप घेणे, नोंद ठेवणे आणि संध्याकाळी मुक्कामावर त्या नोंदींची छाननी करणे यासाठी दोन्ही ॲप मनापासून शिफारस करावीत अशी आहेत. दोन खडकांमधली संपर्करेषा आखण्याचे काम मात्र टूरच्या सुरुवातीच्या दिवसांत कागदावरच व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

फील्डमूव्ह क्लायनो हे मूळचे ग्लासगोच्या मिडलँड व्हॅली या कंपनीचे ॲप असून आता ते पेट्रोलियम एक्सपर्ट्सकडे आहे. फोन खडकाच्या पृष्ठभागावर टेकवला, की स्ट्राइक (थराची आडवी दिशा) आणि डिप (थराचा उतार) एकाच वेळी पडद्यावर दिसतात; बोट टेकवताच ती नोंद अक्षांश-रेखांशासह साठवली जाते आणि लगेच नकाशावर व स्टिरिओनेटवर (दिशा आणि उतार मांडायच्या वर्तुळाकार जाळीवर) उमटते. एका ब्रंटनभोवती (भूवैज्ञानिकांच्या कंपासभोवती) पाच-सहा विद्यार्थी घोळका करून उभे राहतात आणि प्रत्यक्ष वाचन एकच जण घेतो, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको. प्रत्येकाच्या हातात मोजण्याचे साधन येते, आणि मागे राहून नुसते ऐकून लिहिणारा विद्यार्थीही स्वतः खडकाला हात लावतो.

सौसरच्या शिस्टमध्ये (पापुद्रे असलेल्या रूपांतरित खडकात) हे ॲप फारच चांगले काम देते. फोलिएशनचा, म्हणजे या पापुद्र्यांच्या थरांचा, पृष्ठभाग कधीच पूर्ण सपाट नसतो; त्यावर अभ्रकाच्या पापुद्र्यांचे बारीक उंचवटे असतात. फोन थेट टेकवला तर तो अशा एखाद्या उंचवट्यावर तिरपा बसतो, म्हणून पुठ्ठ्याची फील्ड डायरी आधी खडकावर दाबून धरावी आणि तिच्यावर फोन ठेवावा. एका आउटक्रॉपवर (उघड्या पडलेल्या खडकावर) हात-दोन हात अंतर सोडून अनेक वाचने घेतली, तर त्यांचा विखुरलेपणाच पृष्ठभाग किती वळलेला आहे ते सांगतो. एखाद्या नाल्याच्या काठाने घडीच्या (थर दुमडून झालेल्या वळणाच्या) एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाताना हीच वाचने, पृष्ठभागांच्या लंबरेषांच्या बिंदूंच्या रूपात, स्टिरिओनेटवर एका मोठ्या वर्तुळाच्या रेषेत मांडली जाऊ लागतात आणि त्या वर्तुळाचा ध्रुव म्हणजे घडीचा अक्ष, हे विद्यार्थ्याला जागेवरच दिसते. वर्गात ट्रेसिंग पेपर फिरवून हेच समजावताना किती वेळ जातो, ते शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. घडीच्या अक्षाचा अंदाज हाती आल्यावर त्याच दुपारी पुढच्या टेकडीवर काय सापडायला हवे हे ठरवून तिथे जाता येते, आणि माझ्या मते या ॲपचा सर्वांत मोठा शैक्षणिक लाभ हाच आहे.

बेसॉल्टवर मात्र सावध राहावे लागते. फोनमधील डिपचे मोजमाप गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या संवेदकाकडून येते, पण दिशा चुंबकमापकाकडून येते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजे असतात आणि खडक स्वतःच चुंबकित असतो. टेकडीच्या माथ्यावर वीज पडलेल्या जागी तर ही चुंबकीयता स्थानिक पातळीवर बरीच तीव्र होते. अशा खडकावर फोन टेकवणे म्हणजे चुंबकमापक बिघाडाच्या उगमाला अगदी चिकटवून ठेवणे होय. ब्रंटन किंवा साधा क्लायनोमीटर (उतारमापक) कंपास यालाही हा त्रास होतो, पण तो हातात धरून, दोन पावले मागे सरून, डाइकच्या रेषेकडे नजर लावून दिशा घेता येते. त्यामुळे बेसॉल्टमध्ये डिप फोनवरून खुशाल घ्यावे, दिशा मात्र दुसऱ्या मार्गाने तपासावी.

त्यासाठी एक सोपा मार्ग आहे, आणि तो फोनवरच होतो. डाइकच्या कण्यावर एका टोकाला उभे राहून जीपीएसचा बिंदू नोंदवावा, मग त्याच कण्यावरून तीन-चारशे मीटर चालत जाऊन दुसरा बिंदू नोंदवावा आणि या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेची दिशा काढावी. उघड्या आकाशाखाली फोनची जागा साधारण पाच मीटरपर्यंत चुकते असे धरले, तरी चारशे मीटर अंतरावर दिशेतली चूक एखाद्या अंशाच्या आसपास राहते, आणि चुंबकत्वाचा यात काहीही संबंध येत नाही. धुळे–नंदुरबारकडील डाइक लांबवर सरळ जाणारे आणि बऱ्याच ठिकाणी कण्यासारखे उभे असल्याने तिथे हा उपाय उत्तम चालतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक फारच थोडा असल्याने ॲपमधल्या त्या दुरुस्तीची फार काळजी करण्याचे कारण नाही. फोनच्या पाकिटाच्या झाकणात शिवलेला लोहचुंबक त्यापेक्षा कितीतरी अधिक गोंधळ घालतो. तसले पाकीट काढूनच मोजमाप घ्यावे आणि हातोडा दूर ठेवावा.

बेसॉल्टच्या प्रदेशातला आणखी एक मुद्दा उंचीचा आहे, आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष मला फार खटकते. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असल्याने तिथे स्ट्राइक-डिपला विशेष अर्थ उरत नाही; थरांची हद्द उंचीवरूनच जुळवावी लागते. पुष्कळ अँड्रॉइड फोन मात्र जीपीएसची कच्ची उंची देतात, जी पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात हा फरक पन्नास मीटरांहून अधिक भरतो, त्यामुळे कोकणातल्या किनाऱ्यावर उभे राहिले तरी आकडा उणे दिसू शकतो. आयफोन समुद्रसपाटीपासूनची उंची देतो. एकाच गटात दोन्ही प्रकारचे फोन असतील, तर एकाच लाव्हाप्रवाहाचा माथा एका वहीत एका पातळीवर आणि दुसरीत पन्नास-साठ मीटर खाली लिहिला जाईल, आणि ही तफावत म्हणजे एका अख्ख्या प्रवाहाची जाडी असू शकते. क्यूफील्डमध्ये उंचीच्या रूपांतराची फाइल जोडता येते. ती जोडून, टोपोशीटवरील (समोच्च रेषांच्या स्थलदर्शक नकाशावरील) एखाद्या उंचीबिंदूवर सर्वांचे फोन ताडून पाहिल्याशिवाय बेसॉल्टच्या टूरला निघू नये.

क्यूफील्ड हे क्यूजीआयएस या संगणकावरच्या नकाशा-प्रणालीचे फील्डवरचे रूप आहे. ते स्वित्झर्लंडमधील ओपनजीआयएस या कंपनीने तयार केले असून ते मुक्त स्रोत आणि विनामूल्य आहे. त्याचे खरे सामर्थ्य टूरच्या आधी संगणकावर केलेल्या तयारीत आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरील भूवैज्ञानिक थर, उपग्रहचित्र आणि नोंदींचे फॉर्म हे सर्व एका प्रकल्पात बसवून विद्यार्थ्यांच्या फोनवर टाकता येते, आणि मग नेटवर्क नसलेल्या दरीतही काम चालते. खडकाचे नाव, कणांचा आकार, अपक्षयाची पातळी यांच्या याद्या आधीच ठरवल्या, तर सर्वांच्या नोंदी एकाच भाषेत येतात आणि एकत्र जोडता येतात. जुनी टोपोशीट वापरायची असेल, तर ती एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर) आधारित असते हे ध्यानात ठेवावे. रूपांतर न करता ती टाकल्यास बिंदू शंभर-दीडशे मीटरांच्या घरात सरकलेले दिसतात आणि विद्यार्थी नाल्यात उभा असताना फोन त्याला शेजारच्या शेतात दाखवतो.

आता संपर्करेषेविषयी. क्लायनो फोनवर बिंदूंच्या नोंदी घेते, पण रेषा आखायची सोय त्यात नाही. क्यूफील्डमध्ये रेषा आणि क्षेत्रे काढता येतात, टॅबवर पेनने तर चांगलीच येतात. तरीही नवशिक्या विद्यार्थ्याच्या हातात पेन्सिल आणि टोपोशीटची छापील प्रत द्यावी असे मी म्हणतो, कारण दोन आउटक्रॉपच्या मध्ये मातीने झाकलेल्या शेतातून क्वार्टझाइट आणि शिस्ट यांची हद्द कुठून जात असेल, हे त्याला समोच्च रेषा, मातीचा रंग, विखुरलेले दगड आणि डिप यांवरून ठरवायचे असते. फोनचा छोटा पडदा त्याच्या पायाखालच्या बिंदूभोवती मोठा होत जातो आणि आजूबाजूचा दोन किलोमीटरचा प्रदेश नजरेबाहेर जातो. कागदावर टेकडीची पूर्ण रांग एका दृष्टिक्षेपात राहते. 1:50,000 च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. फोनने दिलेली पाच मीटरची अचूकता तिथे पेन्सिलच्या टोकापेक्षाही बारीक ठरते, तेव्हा रेषा चुकते ती जागा चुकल्यामुळे नव्हे, तर विचार अपुरा राहिल्यामुळे. विद्यार्थ्याने तुटक रेषेने अंदाज मांडावा, दुसऱ्या दिवशी तो तपासावा, खोडावा, आणि मग तीच रेषा क्यूफील्डमध्ये उतरवावी.

कॅन्सस, विस्कॉन्सिन आणि टेक्सास ए अँड एम या अमेरिकी विद्यापीठांतील मंडळींनी उभे केलेल्या स्ट्राबोस्पॉट या ॲपचेही नाव घेण्याजोगे आहे. त्यात एका नोंदीच्या आत दुसरी नोंद ठेवता येते, म्हणजे टेकडी, तिच्यातला आउटक्रॉप आणि त्यातला नमुना अशी उतरंड जपता येते. संशोधकाला हे उपयोगी आहे. पदवीच्या वर्गाला त्याची शिस्त जड जाते.

खर्चाचा विचार करता विभागाने एक चांगला ब्रंटन, प्रत्येक गटाला एक क्लायनोमीटर कंपास आणि एकच टॅब घ्यावा. बाकी काम विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या फोनवर होते. हिवाळ्यातही दुपारच्या उन्हात पडदा वाचणे कठीण जाते आणि जीपीएस सतत चालू राहिल्याने बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, तेव्हा गटामागे एक पॉवर बँक लागतेच. रोज मुक्कामावर पोहोचल्यावर जेवणाआधी सर्वांच्या नोंदी फाइलच्या स्वरूपात काढून टॅबवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवाव्यात, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने त्या दिवसाच्या वाचनांपैकी कोणते वाचन त्या आउटक्रॉपचे प्रातिनिधिक आहे, ते कारणासह आपल्या वहीत हाताने लिहावे.