जुन्या वाइनचं डिनर ठरवताय? बोर्दो, रियोहा, रिसलिंग, मदेरा आणि आपली मुंबई

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, मामा आम्ही आठ जण आहोत, सगळ्यांना वाइनचं वेड लागलंय, काँट्री काढून एकदा खरी जुनी वाइन प्यायचीये, माझ्याकडेच पार्ल्याला, तर फ्रान्सची बोर्दो घेऊ की स्पेनची रियोहा, आणि एक जण पोर्टच (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) हवी म्हणून अडून बसलाय. मी विचारलं आधी सांग तुझा एसी किती टनाचा आहे. त्याला वाटलं मामा खेचतोय. अजिबात खेचत नव्हतो.

वाइन मुरवायची तर १२-१४ डिग्रीचा थंड अंधार लागतो, आणि तोही वर्षानुवर्षं न हलता. आपल्याकडे मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहितीये. गरमीत वाइन प्रसरण पावते, कॉर्कला ढकलते, थोडी झिरपते, मग गार झाली की आत हवा ओढते, असं दोन-चार उन्हाळे झाले की लेबल कितीही भारी असलं तरी आत फक्त आठवण उरते. त्यामुळे मुंबईत बसून जुनी वाइन निवडताना माझा पहिला प्रश्न कोणत्या सालची हा नसतोच, ती इतकी वर्षं कुठे होती हा असतो, आणि त्याचं उत्तर देताना विकणारा किंवा आणणारा जरा जरी घुटमळला तरी मी पुढे जातो.

हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत. काही वर्षांपूर्वी दादरला एका मित्राकडे बसलो होतो, त्याच्या वडिलांना कोणीतरी भेट दिलेली १९९६ ची बोर्दो, लेफ्ट बँकची (नदीच्या डाव्या काठाकडची), म्हणजे तिकडचं नावाजलेलं साल. बाटली इतकी वर्षं हॉलच्या शोकेसमध्ये, पितळेच्या समईशेजारी, उभी. उभी म्हणजे कॉर्क वाळून खडखडीत. स्क्रू घातला तर मधोमध भोक पडलं आणि बाकी सगळा भुसा आत. चहाच्या गाळणीतून गाळली. रंग कोऱ्या चहाचा, वास सोया सॉसचा, चव आंबट आणि मागे काहीच नाही. आम्ही पाच जण तोंडं पाडून बसलेलो, कोणी बोलेना, तेवढ्यात वहिनींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, भावजी, थोडा गूळ आणि जिरं घातलं असतं तर आमसुलाचं सार म्हणून भातावर चाललं असतं.

त्याच रात्री दुसरी बाटली होती २००४ ची रियोहा ग्रान रेसेर्वा, म्हणजे सगळ्यात जास्त मुरवून विकतात ती. एक जण माद्रिदहून घेऊन आलेला आणि घरी आल्या आल्या वाइनच्या फ्रिजमध्ये आडवी टाकलेली. ती उघडली आणि खोलीचा मूडच बदलला. कडेला विटकरी छटा, आणि वास, आता हा वास कसा सांगू, आमच्या आजोबांचा पानाचा डबा होता, त्याचं झाकण उघडलं की कात, सुपारी, लवंग आणि थोडी तंबाखू असा एकत्र जो वास यायचा ना, तो, आणि त्यावर सुक्या खोबऱ्याची एक झुळूक. खोबरं तिथल्या पारंपरिक अमेरिकन ओकच्या पिंपांमुळे येतं. किमतीत दोन्हींची तुलनाच नव्हती, बोर्दो कितीतरी महाग, पण ग्लास कोणाचे रिकामे झाले ते सांगायला नको.

तर सरळ बोर्दो विरुद्ध रियोहा.

बोर्दोच्या बाजूने बोलायचं तर नीट सांभाळलेली जुनी बोर्दो ती बोर्दोच. काबेर्ने सोव्हिन्यो या द्राक्षाचं ते शिसपेन्सिल, देवदाराचं लाकूड, ब्लॅककरंट, आणि वीस-पंचवीस वर्षांनी टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) वितळून जे रेशमी होतं ते दुसरीकडे क्वचित मिळतं. पण अडचणी बघा. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी शातोंची (तिथल्या वाइन बनवणाऱ्या मळ्यांची) जी वर्गवारी झाली तिच्यातली पहिल्या वर्गातली नावं आजही भाव ठरवतात, १९८२ ची तसली एक बाटली म्हणजे नवीकोरी स्कूटर आणि वर हेल्मेट. आठ जणांत एक बाटली, ७५० मिलीतले ५० गाळात गेले की माणशी साधारण ८७ मिली, म्हणजे कटिंगएवढं. आणि जितकं नाव मोठं तितकी नकली बाटलीची भीती, रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने तर घरच्या किचनमध्ये वाइनी मिसळून जुनी लेबलं लावून भल्याभल्या कलेक्टरांना टोप्या घातल्या, २०१३ साली न्यूयॉर्कच्या कोर्टात दोषी ठरला आणि २०१४ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. आणखी एक, २००५ किंवा २०१० सारखी तगडी सालं मोठ्या शातोंची असली तर अजून कोवळीच वाटू शकतात, इतके पैसे घालून तोंड कोरडं करून घ्यायचं हे मला पटत नाही. घ्यायचीच असेल तर चांगल्या सालातल्या जरा खालच्या पायरीच्या शातोची घ्या, ती लवकर तयार होते आणि खिसाही वाचतो.

रियोहाचं गणित वेगळं आहे. ग्रान रेसेर्वा लाल म्हणजे नियमानेच कमीत कमी पाच वर्षं मुरवायची, त्यातली दोन पिंपात आणि दोन बाटलीत. जुन्या वळणाची घराणी त्याच्याही पुढे जातात, ला रियोहा आल्ता ची ९०४ चार वर्षं पिंपात असते, लोपेस दे एरेदिया तर ग्रान रेसेर्वा दहा वर्षांच्या आधी बाजारात सोडतच नाहीत. म्हणजे मुरवण्याचं काम, तेही थंड तळघरात, बनवणाऱ्यानेच केलेलं, तुम्ही आणायची आणि लवकर प्यायची. मुंबईकराला आणखी काय हवं? आपल्याकडे तळघर नाही, पार्किंग मिळत नाही तिथे तळघर कुठून.

गंमत म्हणजे रियोहा ही एका अर्थी बोर्दोचीच शिष्या. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षवेलींना फायलोक्सेरा नावाची कीड लागली, तेव्हा बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत डोंगर ओलांडून स्पेनमध्ये आले, पिंपात मुरवायची पद्धत तिथे रुजायला मोठा हातभार लावला, आणि आरो गावात रेल्वे स्टेशनच्या आजूबाजूलाच मोठमोठ्या बोदेगा (वाइन बनवायच्या वखारी) उभ्या राहिल्या, कारण माल थेट गाडीत चढवता यायचा. लोपेस दे एरेदिया १८७७ ची, ला रियोहा आल्ता १८९० ची, दोन्ही तिथल्याच. (९०४ आणि ८९० ही त्यांच्या वाइनींची नावं सालांवरूनच पडलीत, १९०४ आणि १८९०.) शिष्या गुरूपेक्षा स्वस्तात गाते एवढंच.

माझं मत विचाराल तर पहिलं डिनर असेल तर रियोहा, डोळे झाकून. २००१, २००४, २०१० ही सालं मिळाली तर बघा. बोर्दो दुसऱ्या-तिसऱ्या डिनरला, जेव्हा बाटलीचा सगळा प्रवास माहीत असेल तेव्हा.

आता रिसलिंग, ही पांढरी वाइन, जिच्याकडे आपल्याकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि जी आपल्या जेवणाला सगळ्यात जास्त जमते. जर्मनीतल्या मोझेलची जुनी श्पेटलेझे, म्हणजे उशिरा तोडलेल्या पिकल्या द्राक्षांची, अल्कोहोल आठेक टक्के, गोडवा आहे पण खाली लिंबासारखा आंबटपणा इतका की गोड वाटतच नाही. मुरली की तिला रॉकेलचा वास येतो. खरंच. टीडीएन नावाचं एक संयुग तयार होतं त्याचा तो वास. आमच्यातल्या चाळीत वाढलेल्या दोघांनी नाक घातलं आणि एकदम म्हणाले, अरे हा तर आईचा स्टोव्ह, आणि बाकीच्यांना कळेचना हे इतके खूश का झालेत. फ्रिजमधून गार काढायची असल्यामुळे मुंबईच्या हवेत ती सर्व्ह करणंही सोपं.

जेवणाचा मुद्दा इथे येतोच, आणि माझ्या मते निम्म्या लोकांचं डिनर इथेच फसतं. जुनी लाल वाइन म्हणजे नाजूक म्हातारं माणूस, तिच्यासमोर झणझणीत मालवणी रस्सा ठेवलात तर ती एक शब्द बोलणार नाही. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही बोचायला लागतात. रियोहा आणि बोर्दोला अळणी मटण करा, तूप, मिरी, आलं-लसूण, खडा मसाला नावापुरता, मंद आचेवर हाड सुटेपर्यंत. आमच्याकडे ते इतकं जमून आलं की आता लाल बाटली म्हटलं की अळणीच. शाकाहारी असतील तर सीकेपी पद्धतीचं वालाचं बिरडं, नारळ बेताचा आणि मिरची हात राखून, किंवा नुसते लोण्यावर परतलेले मशरूम. तिखटाशिवाय ज्यांना जेवल्यासारखं वाटत नाही (माझी बायको) त्यांच्यासाठी हिरव्या चटणीतलं पापलेट, पारशी लोकांच्या पात्रानी मच्छीसारखं केळीच्या पानात वाफवलेलं, आणि सोबत रिसलिंग. तो थोडासा गोडवा मिरचीला सांभाळून घेतो.

पोर्टवाल्या मित्राला मी नाही म्हटलं नाही, पण व्हिंटेज पोर्टला नाही म्हटलं. ती दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि मग बाटलीतच दशकं काढते, ढीगभर गाळ, उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, वर वीस टक्के अल्कोहोल, जेवणानंतर आठ जणांत एक बाटली संपते पण दुसऱ्या दिवशी सुट्टी लागते. त्यापेक्षा २० वर्षांची टॉनी पोर्ट, पिंपात मुरलेली, उघडून फ्रिजमध्ये ठेवली तरी काही आठवडे टिकते.

आणि त्याहून माझी लाडकी मदेरा. अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटावरची ही वाइन उष्णतेनेच बनते. जुन्या काळी पिंपं जहाजांवर चढवून उष्ण कटिबंधातून हिंदुस्थानापर्यंत जायची, न विकलेली परत गेली तेव्हा लक्षात आलं की प्रवासात तापून वाइन बिघडली नाही, उलट सुधारली, मग मुद्दाम फिरवून आणायला लागले आणि तिला नावच पडलं फेरी मारून आलेली वाइन. आता जहाजाऐवजी वखारीच्या गरम माळ्यावर पिंपं ठेवतात किंवा टाकीत तापवतात. म्हणजे जी गोष्ट बाकी वाइनींना मारते ती हिने आधीच पचवलेली. बुआल किंवा मामझी या गोड जातींपैकी एक घ्या आणि सोबत निनावं ठेवा, बेसन-गूळ-नारळाच्या दुधाचं ते भाजलेलं निनावं आणि मदेराची ती करपलेल्या साखरेची, अक्रोडाची चव, बघाच एकदा.

नाशिक-सोलापूरच्या वाइनी मुरवाव्या का, हाही प्रश्न होता भाच्याचा. बहुतेक आपल्या वाइनी तीन-पाच वर्षांत पिऊन टाकाव्या असं मला वाटतं, पण अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सेत्ते ही लाल वाइन किंवा दिंडोरीच्या शिराझसारख्या वरच्या बाटल्या नीट ठेवल्या तर एकाच वाइनची तीन वेगवेगळी सालं शेजारीशेजारी लावून बघणं हा बोर्दोच्या एका बाटलीपेक्षा खूप स्वस्त आणि माझ्या मते जास्त शिकवणारा खेळ आहे. फक्त सुरुवात आजपासून करावी लागते, दरवर्षी दोन बाटल्या बाजूला.

बाहेरून आणणाऱ्यांसाठी, माणशी दोन लिटर ड्यूटीशिवाय येतं, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या आणि वर एक ३७५ ची हाफ आरामात बसते. विकत घेताना बाटलीच्या मानेकडे बघा, वीस वर्षांच्या वाइनची पातळी मानेच्या तळाशी असली तर ठीक, खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर सोडून द्या.

हॉटेलात की घरी? हॉटेलात ग्लास चांगले आणि धुणी-भांडी नाहीत, पण बाहेरची बाटली चालते का, कॉर्केज (आपली बाटली उघडून देण्याचे पैसे) किती, हे आधी फोन करून विचारा, आणि बाटली आदल्या दिवशी पोचवा. खड्ड्यांतून टॅक्सीने हिंदकळत आलेली जुनी बाटली त्याच रात्री उघडली की गाळ सगळा ग्लासात. घरी असेल तर गाळ तळाशी बसावा म्हणून दोन दिवस उभी ठेवायची, एसी दुपारपासून लावायचा, लाल वाइन १६-१८ डिग्रीला आणि ग्लासात एका वेळी थोडीच, कारण आपल्याकडे रूम टेम्परेचर म्हणजे उकाडा. जुन्या कॉर्कला स्क्रू नको, दोन पात्यांचा चिमटा मिळतो तो दोन्ही बाजूंनी सरकवून हळू फिरवत काढायचा. डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) ओतताना मानेखाली मोबाइलचा टॉर्च, गाळाची रेघ मानेपर्यंत आली की थांबायचं, आणि हे प्यायच्या अगदी आधी, दोन तास आधी नाही, फार जुनी वाइन तेवढ्यात विझते. हो, आणि त्या संध्याकाळी उदबत्ती नको, मोगऱ्याचा गजरा नको, ओडोमॉस तर नकोच.

एखाद्या बाटलीला पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी राहिलेल्या जुन्या वह्यांसारखा वास आला तर तो कॉर्कचा दोष, आणणाऱ्याचा नाही, उगाच त्याला बोलू नका, म्हणून नेहमी एक बाटली जास्तीची ठेवा.

भाच्याने शेवटी दोन रियोहा, एक रिसलिंग, एक मदेरा असं ठरवलं, बोर्दोचे पैसे वाचले त्यात आठ बरे ग्लास घेतले. मला बोलावलं होतं. मटण थोडं तिखट झालं होतं, एका रियोहाचा कॉर्क अर्ध्यात तुटला, गाळणी शोधण्यात दहा मिनिटं गेली. मदेरा अर्धी उरली, ती त्याने फ्रिजच्या दारात ताकाच्या बाटलीशेजारी ठेवलीये, परवा गेलो तेव्हा बोटभर घेतली, तश्शीच होती.