आमच्या हिचे नवे गुडघे: एका टूलरूमवाल्याचा रिव्ह्यू

चिंचवडच्या टूलरूममध्ये हयात गेली. कुठलाही पार्ट हातात आला की आधी अंगठा फिरवून फिनिश बघायचं, ही खोड काही जात नाही. हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा कंपनीचा माणूस सॅम्पलची पेटी घेऊन आला. पुढचा अर्धा तास ती माझ्याच मांडीवर.

आम्ही घेतला तो कोबाल्ट-क्रोमचा, सिमेंटने बसवायचा साधा गुडघा. मांडीच्या हाडावर बसणाऱ्या भागाला मिरर पॉलिश, बरचा, म्हणजे कापल्यावर कडेला राहणाऱ्या धारदार कणीचा, मागमूस नाही. त्याचा कर्व्ह एका रेडियसचा नाही, मागे जाता जाता रेडियस कमी होतो. नडगीच्या हाडात टायटॅनियमचा ट्रे, आणि दोघांच्या मधे पांढरं पॉलिएथिलीन. आमच्या भाषेत बुश. सगळा खेळ या बुशाचा आहे. ते झिजलं की त्याचा बारीक भुगा होतो, शरीर त्या भुग्यावर तुटून पडतं, त्यात आजूबाजूचं हाड विरघळतं आणि गुडघा ढिला पडतो. पूर्वी हे प्लास्टिक हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे, मग ते ऑक्सिडाइझ होऊन ठिसूळ व्हायचं. आता तसं करत नाहीत. म्हणून विचारायचंच असेल तर प्लास्टिक कुठलं ते विचारा, धातूचा रंग नको.

रंगाचं सांगतो. तो माणूस सोनेरी गुडघा गळ्यात मारायला बघत होता. ते सोनं नव्हे, टायटॅनियम नायट्राइडच्या जातीचं कोटिंग. आम्ही ड्रिलवर आणि कटरवर वर्षानुवर्षं वापरलंय. निकेलची ॲलर्जी असेल त्याने जरूर घ्यावं. हिला बेन्टेक्सच्या बांगड्यांनी कधी खाजही आली नाही, मग जादा पैसे कशाला?

मला सगळ्यात आवडलं ते आतलं कॅम आणि पोस्ट, म्हणजे आडवा दांडा आणि खुंट. या डिझाइनमध्ये मागचं लिगामेंट काढून टाकतात. त्याचं काम प्लास्टिकवरचा खुंट करतो: पाय बऱ्यापैकी वाकला की वरच्या भागातला कॅम खुंटाला टेकतो आणि मांडीचं हाड पुढे सरकत नाही. ही युक्ती न्यूयॉर्कच्या इन्सॉल आणि बर्स्टीन यांची, 1978 सालची. त्याआधीचा 1974 चा गुडघा बनवणाऱ्यांत आपले डॉ. चित्तरंजन राणावतही होते. वाजपेयींच्या गुडघ्याचं ऑपरेशन 2000 साली ब्रीच कँडीत केलं ते हेच.

किंमत: ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने कमाल दर बांधले, तेव्हा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा सरासरी 1,58,324 वरून 54,720 रुपयांवर आला, जीएसटी वेगळा. आमच्या बिलात इम्प्लांटचा आकडा नियमातच होता. 'कन्झ्युमेबल्स' नावाच्या ओळीने मात्र घाम फोडला. ती ओळ आधीच लिहून मागा.

आता उणं. मांडी घालून बसणं बंद. ही सत्यनारायणाला खुर्चीवर बसली आणि घरभर तोंड फुगवून फिरली. हाय-फ्लेक्सचं, म्हणजे जास्त वाकणाऱ्या गुडघ्याचं, विचारलं होतं. त्यात मागून हाड थोडं जास्त कापतात, पण सर्जन म्हणाले, मूळचा पाय किती वाकत होता त्यावरच नंतरचं वाकणं जास्त अवलंबून असतं. हिचा आधीच काटकोनाच्या पुढे जात नव्हता. शिवाय जिना उतरताना टक् असा आवाज येतो. तो धातू प्लास्टिकला टेकल्याचा, दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही. मला तर तो ऐकून क्लिअरन्स, म्हणजे दोन भागांमधली फट, ठीक आहे असं वाटतं, पण हे हिला सांगायची सोय नाही.

साइजकडेही लक्ष द्या. आपल्याकडच्या बायकांची हाडं लहान, आणि जुनी मापं गोऱ्यांच्या हाडांवरून काढलेली. भाग हाडाच्या कडेबाहेर आला तर आजूबाजूला टोचत राहतो. आता अरुंद साइज मिळतात, तुमच्या सर्जनकडे त्या आहेत का ते विचारून घ्या.

पाचपैकी चार तारे. एक मांडीचा कापला.

आणि डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावलेत का ते बघा. त्यावर कंपनी, साइज, लॉट नंबर असतो. पुढेमागे नुसतं प्लास्टिक बदलायची वेळ आली तर त्याच कंपनीचं, त्याच मापात बसणारं लागतं. आमच्या फाइलला एकाच पायाचे होते, दुसऱ्याचे काउंटरवर भांडून काढून घेतले.