स्कॉलरशिपचं लेटर आलं, पण कोचला आमच्या मुलीचं नावच माहीत नव्हतं

हे लिहायला मला चार महिने लागले. मिस्टर म्हणत होते नको लिहू, लोक म्हणतील शिकलेली माणसं असून कशी फसली. पण मागच्या रविवारी बालेवाडीला टेनिसची मॅच बघत बसले होते आणि मागच्या खुर्च्यांवर दोन आया बोलत होत्या, त्यातली एक म्हणाली "अमेरिकेत फुल स्कॉलरशिपची गॅरंटी आहे, अर्धे पैसे भरले पण आम्ही". माझ्या पोटात खड्डाच पडला. मॅच संपल्यावर त्यांना गाठायचं ठरवलं तोवर त्या उठून गेल्या होत्या. म्हणून लिहितेय, निदान दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्याखालून जाईल.

आम्ही सोलापूरचे. मिस्टर पतसंस्थेत आहेत, मी प्राथमिक शाळेत शिकवते. लेक नऊ वर्षांची असताना कोर्टवर गेली आणि मग आमचं सगळं घरच तिच्या टेनिसभोवती फिरायला लागलं, पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जायचं, कधी कोल्हापूर कधी नाशिक कधी संभाजीनगर, लॉजचं भाडं, एन्ट्री फी, तीन महिन्यांत झिजणारे बूट, रॅकेटच्या तारा सारख्या बदलायच्या म्हणजे गटिंग. अंडर 16 ला बऱ्यापैकी जिंकत होती. अंडर 18 ला गेल्यावर पुढं काय हा प्रश्न आला, कारण प्रोफेशनल खेळायचं तर वर्षानुवर्षं बाहेरच्या देशांत फिरावं लागतं आणि तेवढा पैसा आमच्याकडं नाही. अमेरिकेतल्या कॉलेजात खेळ पण होतो आणि डिग्री पण मिळते, हे कोर्टवरच्या सगळ्याच पालकांच्या तोंडी असतं.

ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यात एका रँकिंग स्पर्धेच्या वेळी तो माणूस भेटला. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला एकदम शांत. लेकीची मॅच पूर्ण बघितली, मग येऊन म्हणाला, "ताई, हिच्या फोरहँडला तिकडं नक्की मागणी आहे." स्वतःला स्पोर्ट्स स्कॉलरशिप कन्सल्टंट म्हणायचा. टेनिसपटू ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सस ए अँड एम मध्ये शिकली आणि 2023 ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड आणलं, सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून खेळून 2007 आणि 2008 असं दोनदा एनसीएएची (तिकडच्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) सिंगल्स जिंकला, हे सगळं त्यानं सांगितलं. आणि हे सगळं खरं आहे हो. म्हणूनच आमचा विश्वास बसला. आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा जाऊ शकते तर आपली का नाही, असं वाटणारच ना कुठल्याही आईला.

पुढचं पण त्यानं निम्मं खरंच सांगितलं. म्हणाला मुलींच्या टेनिसला डिव्हिजन वनच्या (एनसीएएत कॉलेजांचे वन, टू, थ्री असे गट असतात, वन सगळ्यात वरचा) टीमला आठ फुल स्कॉलरशिप असतात, मुलांना साडेचारच, त्यामुळं मुलींना सोपं जातं. तेव्हाचा नियम तसाच होता. पण त्या आठ म्हणजे चारही वर्षांच्या मुली मिळून आठ, दरवर्षी नव्या आठ नाहीत. सीनियर मुली पास होऊन गेल्या की दोन-तीन जागा मोकळ्या होतात, आणि त्यांच्यासाठी युरोप, दक्षिण अमेरिका, सगळ्या जगातून मुली मेल करत असतात. हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. (2025-26 पासून ते आकडे पण बदललेत. नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना आता टेनिस टीममध्ये जास्तीत जास्त दहा खेळाडू ठेवता येतात आणि स्कॉलरशिप किती द्यायच्या ते कॉलेज ठरवतं. त्यामुळं कुणी अजून आठ-आठ करत असेल तर तो जुनं पाठांतर म्हणतोय असं समजा.)

सुरुवातीला 75 हजार घेतले, प्रोफाइल, व्हिडिओ आणि रजिस्ट्रेशन म्हणून. व्हिडिओ खरंच काढला, एक मुलगा ट्रायपॉड घेऊन आला होता. मग आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि त्यात दर आठवड्याला काहीतरी यायचं, आज बारा कोचना मेल गेले, आज अमुक कोचनी इंटरेस्ट दाखवला. यूटीआर, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारं रेटिंग, वाढवून देतो असं पण म्हणाला. आता कळतंय की यूटीआर कुणाला वाढवून देता येतच नाही, मागच्या बारा महिन्यांतल्या जास्तीत जास्त 30 मॅच धरतात, समोरचा खेळाडू केवढा होता आणि तुम्ही किती गेम जिंकले त्यावरून तो निघतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो लेकीला म्हणाला अभ्यासाचं टेन्शन घेऊ नकोस, खेळाडूंना मार्क लागत नाहीत. बारावीचं वर्ष होतं. तिनं प्रिलिमकडं दुर्लक्ष केलं. डिव्हिजन वनला नववीपासूनचे ठरावीक 16 विषय मोजतात आणि त्यात किमान 2.3 जीपीए (मार्कांची सरासरी) लागतो, ते एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर मार्कशीट बघून ठरवतं. त्या सेंटरचं रजिस्ट्रेशन झालंय असं तो सांगत राहिला, पण त्याचा आयडी नंबर मागितला की "सिस्टीममध्ये प्रोसेस चालू आहे ताई".

जानेवारी 2025 मध्ये लेटर आलं. कॉलेजचा लोगो, कोचची सही, वर मोठ्या अक्षरात नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे त्या कॉलेजकडून खेळायचं पक्कं करणारं पत्र, आणि खाली शंभर टक्के ॲथलेटिक स्कॉलरशिप. घरात पेढे आणले आम्ही. सासूबाईंनी सिद्धेश्वराला नारळ वाहिला. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, सीट कन्फर्म करायला 3 लाख 80 हजार डिपॉझिट आठ दिवसांत भरावं लागेल, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, हे पैसे पहिल्या सेमिस्टरला परत मिळतात, शिवाय व्हिसा झाला की स्कॉलरशिपच्या दहा टक्के त्याची फी. मिस्टरांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. पैसे गेले ते पुण्यातल्या एका करंट अकाउंटला, रुपयात, आरटीजीएसनं.

इथं मला थांबून सांगायचंय. परदेशातल्या कॉलेजची फी अशी जात नाही. आपण आपल्या बँकेत जाऊन ए-टू फॉर्म भरतो, बँक डॉलर करून थेट कॉलेजच्या खात्याला पाठवते, किंवा कॉलेजच्या स्वतःच्या पोर्टलवर भरतो. मिस्टर रोज पैशाच्या व्यवहारात असतात, त्यांना हे माहीत होतं, आणि तरी त्या दिवशी लक्षात आलं नाही कारण आठ दिवस, आठ दिवस एवढंच डोक्यात चाललं होतं. ती घाई त्यानं मुद्दाम लावली होती.

मग फेब्रुवारी गेला. व्हिसासाठी कॉलेजनं द्यायचा आय-ट्वेंटी फॉर्म येतोय, येतोय. मार्चमध्ये लेकीबरोबर आधी खेळलेली एक मुलगी, ती आता अमेरिकेत तिसऱ्या वर्षाला आहे, तिच्याशी व्हिडिओ कॉल झाला. लेकीनं कॉलेजचं नाव सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, "काकू, हे कॉलेज डिव्हिजन थ्री आहे. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच." मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत देतात, खेळावर एक डॉलर पण नाही. आयव्ही लीगवाली मोठी कॉलेजं डिव्हिजन वन असून पण खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. आणि ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, ते तर ऑक्टोबर 2024 मध्येच बंद झालंय म्हणे, आता कॉलेजचं स्वतःचं फायनान्शियल एडचं ॲग्रीमेंट असतं. म्हणजे आम्हाला जानेवारीत जे लेटर आलं ते बंद पडलेल्या गोष्टीचं होतं, आणि चालू असताना पण डिव्हिजन थ्रीला ते लागू नव्हतं. लेटर ज्या मेलवरून आलं तो साधा जीमेल, शेवटी तिकडच्या कॉलेजांचं असतं ते डॉट ईडीयू नाही. सगळं आमच्या डोळ्यासमोर होतं.

त्या रात्री लेकीनं स्वतः कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन कोचचा खरा मेल शोधला. तिथं स्टाफ डिरेक्टरीत सगळ्यांचे मेल असतात, कुणी लपवत नाही. चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. खूप सभ्य मेल होता. म्हणाले मला तुझ्याबद्दल कधी काही आलेलं नाही, ती सही माझी नाही, झालं त्याचं वाईट वाटतं, आमच्या ऑफिसला कळवतो. लेकीनं तो मेल मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि आत गेली. मग सहा आठवडे तिनं रॅकेटला हात लावला नाही. तिला पैशांचं दुःख नव्हतं. ती म्हणाली, "आई, म्हणजे माझा व्हिडिओ कुणी बघितलाच नाही का?" मला अजून त्या वाक्याला उत्तर देता आलेलं नाही.

नंतर अजून एक गोष्ट कळली आणि अंगावर काटा आला. एजंटनं प्रोफाइल पाठवायची ठरावीक फी घेतली तर एनसीएएला चालतं, पण स्कॉलरशिप मिळवून देण्यावर त्याची फी ठरली असेल तर खेळाडूची एलिजिबिलिटीच धोक्यात येते. म्हणजे त्याची ती दहा टक्क्यांची बोली खरी असती आणि काम खरंच झालं असतं, तरी लेक अडचणीत आली असती. तुम्हाला कुणी टक्केवारी सांगितली तर तिथूनच उठा, तो माणूस कितीही चांगला बोलू दे.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, मग सायबर पोलीस स्टेशनला लेखी दिली. तिथले साहेब चांगले होते पण म्हणाले दोन महिने झाले, पहिल्या काही तासांत आला असता तर बँकेत रक्कम अडवता आली असती. त्या अकाउंटमध्ये 62 हजार सापडले, ते होल्डवर आहेत, बाकी पुढं कुठं कुठं गेलेत. त्याचा नंबर बंद. व्हॉट्सॲप ग्रुप त्यानं डिलीट करायला लावला होता, पण लेकीनं आधीच चॅट एक्सपोर्ट करून ठेवलं होतं, तेच आज आमच्याकडं पुरावा आहे. तुम्ही पण काही डिलीट करू नका.

आता लेक एक वर्ष थांबून सगळं स्वतः करतेय. एकेका कॉलेजच्या टीमची यादी उघडते, सीनियर किती आहेत ते मोजते, म्हणजे पुढच्या वर्षी किती जागा होतील ते कळतं, त्यांच्या मुलींचे यूटीआर आपल्याशी लावून बघते, मग कोचला त्याच्या टीमबद्दल दोन ओळी लिहून मेल टाकते. डिव्हिजन वनच्या कोचना दहावीनंतरच्या 15 जूनपासून मुलांना उत्तर द्यायची परवानगी असते, त्यामुळं ज्यांची मुलं दहावी-अकरावीत आहेत त्यांच्याकडं वेळ आहे, आमच्यासारखं बारावीपर्यंत कुणाच्या तरी भरवशावर बसू नका. तिनं 43 मेल केले. सात उत्तरं आली, त्यातली पाच नाही म्हणणारी. दोघांनी पूर्ण मॅचचा न कापलेला व्हिडिओ मागितलाय, एक डिव्हिजन टूचं कॉलेज आहे आणि एक एनएआयएचं (एनसीएएपेक्षा वेगळी, कॉलेजांच्या खेळांचीच संघटना), दोन्हीकडं खेळाची स्कॉलरशिप असते, बहुतेक वेळा अर्धीमुर्धी. काल मी मोबाइल धरून दोन सेट शूट केले, हात थरथरत होता माझा.

प्रत्येक कन्सल्टंट लबाड असतो असं मी म्हणत नाही, ठरावीक फी घेऊन प्रामाणिकपणे काम करणारे पण असतील. पण स्कॉलरशिप तो देत नाही. कोच देतो आणि कॉलेजचं ऑफिस देतं, आणि कोचला तुमच्या मुलीशी, मुलाशी स्वतः बोलायचं असतं. कन्सल्टंट जर म्हणत असेल कोचशी थेट बोलू नका, डील बिघडेल, आम्हाला तो हेच म्हणाला होता, तर त्याच रात्री कोचला मेल टाका.

पोलिसांनी सांगितलंय की एकाच माणसाविरुद्ध अजून तक्रारी आल्या तर तपासाला जोर येतो. ऑगस्ट 2024 च्या आसपास पुण्याच्या स्पर्धांना ज्यांना असा कुणी भेटला असेल आणि पैसे भरले असतील, त्यांनी लाज न धरता आपापल्या गावी तक्रार द्या, पैसे पाठवल्याची पावती आणि ते लेटर सोबत न्या. आणि त्या दिवशी बालेवाडीला निळी छत्री घेऊन बसलेल्या ताई, तुमची मुलगी डावखुरी आहे, पिवळा टॉप होता, तुम्ही हे वाचलंत तर उरलेले अर्धे पैसे भरू नका.