बर्फात मेटल डिटेक्टर: सेलवालं घ्यावं का चार्जिंगचं?

सोलापूरच्या माणसाला बर्फातल्या मशीनचं काय कळतंय असं वाटेल, पण मागचा हिवाळा पोरीकडं कॅलगरीला काढला आणि तिथं डिटेक्टर फिरवायचा नाद लागला. आता आपल्याकडनं कॅनडाला निघालेली दोघं-तिघं विचारायलेत कुठलं घेऊ, म्हणून लिहितोय.

माझ्याकडं व्हॅनक्विश ३४० होतं, चार डबल ए सेलवर चालणारं. जावयाच्या मित्राकडं इक्विनॉक्स ८००, त्यात चार्ज होणारी लिथियम आयन बॅटरी आतच. दोन्ही मायनलॅब कंपनीचीच. ८०० महाग, पण सेटिंग भरपूर आणि अख्खं मशीन ३ मीटर पाण्यात चालतं. व्हॅनक्विशचं कॉइल, म्हणजे जमिनीवरनं फिरवायची खालची चकती, तेवढं वॉटरप्रूफ, वरचा बटणांचा डबा नाही, म्हणजे हातमोज्यावरचा बर्फ वितळून आत जाऊ नये हे आपणच बघायचं. ओल्या बर्फात ८०० सरळ पुढं.

पण खरा घोळ बॅटरीचा. साधे अल्कलाइन सेल कडक थंडीत लवकर मान टाकतात, कारण आतलं रसायन पाण्यात कालवलेलं असतं, गारठलं की काम मंदावतं. मी पहिले चार संपले म्हणून फेकून दिले, नंतर कळलं की खिशात ऊब दिली की तेच परत चालतात, फार हळहळ वाटली. चार्ज न होणारे लिथियमचे डबल ए मात्र -४० अंशांपर्यंत चालतात, महाग आहेत, वजनाला हलके, फक्त तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये चालतात का ते आधी बघा. आणि सेलवाल्याचं मोठं सुख म्हणजे जास्तीचे चार सेल आतल्या खिशात ठेवायचे, मैदानातच बदलायचे.

८०० ची बॅटरी अशी पटकन बदलता येत नाही. शिवाय लिथियम आयन शून्याखाली चार्ज करायची नाही, आत धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते. रात्रभर गाडीत राहिलेलं मशीन घरात आणून लगेच चार्जरला लावू नका, आधी कोमट होऊ द्या. फ्रीजमधनं काढलेल्या तांब्याला कसं पाणी सुटतं, तसंच मशीनला सुटतं, म्हणून बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत आणायचं. मी वरनं आपली सोलापुरी चादर गुंडाळायचो, म्हणजे हळूहळू गरम होतं.

बर्फाचा थर १५ सेंमी असेल तर कॉइल जमिनीपासून तेवढं वर, नाणं सापडायची खोली तेवढी कमी, हे दोन्ही मशीनला सारखंच. आधी फावड्यानं बर्फ बाजूला करा.

पहिलाच हिवाळा, आठवड्यातनं एकदा जाणार असाल तर माझं मत ३४०, उरलेल्या पैशात लिथियमचे सेल आणि चांगले हातमोजे. नदीकाठी, पाण्यात उतरणार असाल तरच ८००.

आणि मशीन इकडं आणलंत तर आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात चुकूनही फिरवू नका, ते संरक्षित स्मारक आहे. दुसरीकडं जमिनीत जुनं काही १० रुपयांच्या वरचं सापडलं तरी जमिनीतल्या गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं.