कुत्र्यांसोबत पुणे ते दिल्ली: क्रेट की हार्नेस?

सुरत, उदयपूर, जयपूर मार्गे १,४०० किलोमीटरच्या वर अंतर. कुत्रा मागच्या सीटवर मोकळा ठेवून एवढा प्रवास करूच नका.

क्रेट, म्हणजे कुत्र्याला ठेवायचा पिंजरा, भक्कम, पण पट्ट्यांनी आवळून बांधला तरच. नाहीतर करकचून ब्रेक लागला की कुत्र्यासकट पुढे आदळतो. आत त्याला उभं राहून वळता यायला हवं. लॅब्रॅडॉरच्या मापाचा क्रेट हॅचबॅकमध्ये बसवणं अवघडच, दोन तर सोडाच. सवयही घरीच, बरीच आधी लावावी लागते. उलटी झाली तर मात्र धुवायला सोपा.

हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या छाती-पाठीवर घालायचे पट्टे, सीटबेल्टला अडकतो. छातीवर रुंद पट्टा असलेलाच घ्या; बेल्ट गळपट्ट्याला अडकवला तर झटका थेट मानेला बसतो. याचा खरा उपयोग ढाब्यावर कळतो. दार उघडताच कुत्रा ट्रकांच्या वर्दळीत झेपावू पाहतो आणि जागीच अडतो. उतरवताना आधी लीश (हातात धरायची दोरी) लावायची, मगच बेल्टची क्लिप काढायची.

पग किंवा घाबरट छोटं कुत्रं असेल तर मी क्रेटच सुचवेन. दोन मोठी कुत्री आणि साधी गाडी असेल तर हार्नेस, डोळे झाकून. आणि राजस्थानच्या उन्हात बंद गाडीत त्यांना पाच मिनिटंही ठेवू नका. जेवायला आळीपाळीने उतरा.