शिवाजीनगर न्यायालयाजवळचे निवेदन-लेखन केंद्र : परराष्ट्र मंत्रालयाला पत्र लिहून घेण्याचा अनुभव

पुण्यातील शिवाजीनगर न्यायालयाच्या आसपास प्रतिज्ञापत्रे आणि भाडेकरार टंकून देणाऱ्यांची वानवा नाही. परंतु परदेशातील निदर्शकांवर होणाऱ्या अत्याचारांबाबत भारत सरकारने राजनैतिक पाऊल उचलावे, असे निवेदन नीट लिहून देणारे कोणी तेथे भेटेल, याची आमच्या गटाला खात्री नव्हती. एका जुन्या इमारतीत जिन्याखाली थाटलेल्या या केंद्राने ते काम बहुतांशी उत्तम केले.

आमचा विषय इराणचा होता. स्त्रियांच्या पेहरावावर नजर ठेवणाऱ्या तेथील नीतिपोलिसांच्या ताब्यात असताना कोसळलेली महसा अमिनी ही २२ वर्षांची कुर्द तरुणी १६ सप्टेंबर २०२२ रोजी मरण पावली आणि देशभर निदर्शने उसळली. त्याच सप्टेंबरात निदर्शनांवरून अटक झालेल्या मोहसेन शेकारीला ८ डिसेंबरला फाशी दिली गेली, तर चारच दिवसांनी माजिदरेझा रहनवर्द या दुसऱ्या निदर्शकाला मशहदमध्ये भर चौकात क्रेनला लटकवले गेले. हे सारे आम्ही संतापाने तीन पाने भरून लिहिले होते.

केंद्रचालक गृहस्थांनी ती पाने शेवटपर्यंत वाचली, ‘तीव्र निषेध’ जिथे जिथे होता तिथे पेन्सिलीने खूण केली आणि विचारले, “हे वाचून दिल्लीतल्या अधिकाऱ्यानं करायचं काय, ते कुठं लिहिलंय?” ते कुठेच लिहिलेले नव्हते. मग दीड तास चर्चा होऊन मागणी एकाच वाक्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २४ नोव्हेंबर २०२२ रोजी इराणसाठी सत्यशोधन मंडळ नेमण्याचा ठराव २५ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. तटस्थ राहिलेल्या १६ देशांत भारत होता. २०२६ ते २०२८ साठी भारत परिषदेवर पुन्हा निवडून आलेला असल्याने, असा ठराव पुढे येईल तेव्हा तटस्थ न राहता बाजूने मत द्यावे, एवढीच मागणी आता निवेदनात आहे.

‘दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात आपण कशाला पडायचे’ या ठरलेल्या आक्षेपाचे उत्तरही त्यांनी मसुद्यातच घातले. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार इराणने १९७५ मध्ये आणि भारताने १९७९ मध्ये स्वीकारला असल्याने, त्यातील शांततापूर्ण सभेच्या आणि न्याय्य खटल्याच्या हक्काची आठवण करून देणे ही ढवळाढवळ ठरत नाही. १३ मे २०२४ च्या, भारत आणि इराण यांच्यातील चाबहार बंदर कराराचा उल्लेख काढावा, असा आमच्यातील काहींचा आग्रह होता. तो उल्लेख मसुद्यात कायम राहिला हे बरेच झाले, कारण ज्याच्याशी व्यवहार आहे त्याच्याशीच बोलता येते, हा मुद्दा त्यामुळे ठसतो.

निवेदन मराठीतच पाठवता येते, हेही आम्हाला येथेच कळले. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत केंद्र सरकारकडे गाऱ्हाणे मांडता येते. तरीही सोबत इंग्रजी प्रत जोडावी, असा त्यांचा व्यवहारी सल्ला होता. मात्र सर्वांत मोलाची सूचना वेगळीच होती. पुण्यात शिकणाऱ्या काही इराणी विद्यार्थ्यांना सह्या करायच्या होत्या. त्यांची नावे घालू नयेत, कारण त्यांचे आईवडील तिकडे आहेत, असे या गृहस्थांनी आम्ही न विचारता सांगितले आणि नावे आलेला कागद आमच्यासमोरच फाडून टाकला.

उणिवा आहेत. इंग्रजी भाषांतर कोर्टकचेरीच्या छापाचे, ‘सदरहू अर्जदार’ थाटाचे झाले असून ते आम्हाला घरी पुन्हा लिहावे लागले. फारसी नावांची वर्णरचना दोन पानांवर दोन प्रकारची होती. बसायला एकच बाक आहे, आणि दुपारी केंद्र बंद असते, याची सूचना दारावर नाही. दर मात्र पानामागे ठरलेला असून मसुद्याच्या दुरुस्त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. नोंदणीकृत टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाल्याने पाकीट त्याच सेवेने, पोहोच मागवून पाठवण्याची व्यवस्थाही त्यांनी करून दिली.

ज्यांना असे निवेदन द्यायचे आहे त्यांनी सकाळी लवकर जावे, तारखा आणि मतदानाचे आकडे छापील स्वरूपात सोबत न्यावेत, आणि इंग्रजी प्रत सही करण्यापूर्वी दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावी.